१५००डी की ५डी मार्क फोर? नाटकाचे फोटो काढायचेत, कॅमेरा कुठला घेऊ?

पत्र: ताई, आमचा हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे. मी बॅकस्टेज करते आणि गेली दोनेक वर्षं तालमींचे, प्रयोगांचे फोटो कधी मोबाइलवर तर कधी मित्राच्या कॅमेऱ्यावर काढतेय. ग्रुपला आवडतात पण मला नाही आवडत, चेहरे पांढरेफटक येतात, कुणी हात हलवला की फोटो हलतो, लांबून झूम केलं की सगळं दाणेदार. आता स्वतःचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचाय. दुकानात कॅननचा १५००डी बघितला, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स, बजेटमध्ये बसतो. दादा म्हणतो असला शिकाऊ कॅमेरा घेऊच नकोस, एकदाच घ्यायचं तर प्रोफेशनल घे. त्याच्या ओळखीत एक वापरलेला ५डी मार्क फोर मिळतोय, नुसती बॉडी, पण त्यात माझे साठवलेले सगळे पैसे जातील आणि वर थोडे हप्ते. त्यात दुसऱ्या एका ग्रुपनं विचारलंय की पैसे देतो, आमच्या प्रयोगाचे फोटो काढशील का. शिवाय काहीजण म्हणतात आता डीएसएलआर घेण्यातच अर्थ नाही, मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला नव्या प्रकारचा, घे. मी पार गोंधळलेय. – विंगेतून बघणारी

उत्तर: दुकानदार आणि दादा दोघंही तुझ्या मागे लागलेले असणार म्हणून आधी उत्तरच सांगते, कारणं मग. दोन्ही घेऊ नकोस. कॅननचाच वापरलेला ८०डी घे, त्यावर ५०ची १.८ लेन्स घे (५० हा मिलिमीटरमधला आकडा, तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, आणि १.८ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते, हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), पैसे उरले तर ८५ची १.८ घे, आणि त्या पैसेवाल्या प्रयोगाच्या रात्रीपुरता ५डी मार्क फोर भाड्यानं आण.

आता का ते. तू तीन तक्रारी लिहिल्यास आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या आहेत गं, तिन्हींचं औषध एकच महागडा कॅमेरा असं समजू नकोस.

पांढरेफटक चेहरे ही कॅमेऱ्याच्या दर्जाची गोष्टच नाही. स्टेजवर मागे काळा पडदा, आजूबाजूला अंधार आणि मधे एका माणसावर स्पॉट, कॅमेरा अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजतो आणि त्याला वाटतं किती अंधार आहे हा, मग तो फोटो उजळ करतो आणि चेहरा जळून जातो. हे जगातला सगळ्यात महाग कॅमेरा ऑटोवर ठेवलास तरी होऊ शकतं. यावर उपाय म्हणजे मॅन्युअल मोड, सगळी सेटिंग आपण ठरवायची. रंगीत तालमीला चेहऱ्यावरचा प्रकाश बघून एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) ठरवायचं, एक फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख) बघायचा, कपाळ आणि नाक जळत नाहीये ना बघायचं, आणि लाइट बदलेपर्यंत ते सेटिंग हलवायचं नाही. व्हाइट बॅलन्सही (पांढरा रंग कसा दिसावा ते ठरवणारं सेटिंग) एका जागी ठेवायचा, नाहीतर निळा सीन कॅमेरा पिवळा करून टाकतो आणि तुमच्या प्रकाशयोजना करणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात. हे सगळं मित्राच्या कॅमेऱ्यावर आजसुद्धा जमेल, त्याला काही विकत घ्यायला लागत नाही. एक मात्र आहे, स्पॉट मीटरिंग (फ्रेमच्या अगदी छोट्या भागाचाच उजेड मोजणं) असेल तर चेहऱ्याचा प्रकाश मोजणं सोपं जातं आणि १५००डीला ते नाहीये, त्यात मधल्या साधारण १० टक्के भागाचं पार्शल मीटरिंग आहे. चालवून घेता येतं, पण लांबून छोटा दिसणारा चेहरा १० टक्केही नसतो.

हलणारे हात म्हणजे शटर स्पीड कमी पडतोय, शटर जास्त वेळ उघडं राहतंय. संवाद बोलत उभ्या असलेल्या नटाला १/२०० सेकंदाच्या आसपास बरा पडतो, नाच किंवा मारामारी असेल तर १/४०० किंवा वर. आणि दाणे का येतात, तर शटर स्पीड वाढवला की उजेड कमी पडतो आणि तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, चढवावा लागतो. म्हणजे दुसरी आणि तिसरी तक्रार खरं तर एकाच ठिकाणी येऊन थांबते, उजेड पुरत नाही. आणि उजेड आत कोण घेतं? लेन्स घेते.

इथे जरा आकडेमोड करते, कंटाळा करू नकोस कारण तुझा सगळा निर्णय याच्यावर आहे. समज एक मंदसा सीन आहे, त्यात १.८ अ‍ॅपर्चरवर (लेन्सचं तोंड तेवढं उघडून) १/२०० शटर ठेवून आयएसओ १६०० ला चेहरा नीट येतोय. आता तोच सीन, तेच शटर, पण दुकानवाल्यानं दिलेली ५५-२५० लेन्स झूम ओढून. तिचं अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला ५.६ च्या वर उघडतच नाही. १.८ आणि ५.६ मधे उजेडाचा फरक जवळजवळ दहापट पडतो, म्हणजे आयएसओ १६०० च्या जागी १५-१६ हजार लागणार. आणि १५००डीचा आयएसओ ६४०० पर्यंतच आहे, वाढवून १२८००. म्हणजे तो फोटो त्या कॅमेऱ्यावर त्या लेन्सनं निघतच नाही, एकतर अंधारा येईल नाहीतर शटर कमी करून हललेला. किटमधल्या दोन लेन्स बघून असं वाटतं की १८ पासून २५० पर्यंत सगळं हातात आलं, दिवसा उजेडात, सहलीला, बागेत ते खरंही आहे, पण थिएटरमधे अर्ध्याहून जास्त वेळ त्या लांब लेन्सचा तुला उपयोग होणार नाही.

१५००डीला मी वाईट म्हणत नाहीये हां. २४.१ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे, जेमतेम ४७५ ग्रॅम वजन, रॉ फाइल (नंतर हवी तशी सुधारता येणारी मूळ फाइल) मिळते, मोठ्यातला मोठा प्रिंट काढायला पुरतो, आणि ज्याला दिवसाउजेडी घरचे, प्रवासाचे फोटो काढायचेत आणि फोटोग्राफी शिकायचीय त्याला मी बिनधास्त घे म्हणून सांगेन (काही देशांत हाच कॅमेरा २०००डी किंवा रेबेल टी७ नावानं विकतात, त्या नावानं काही वाचलंस तर वेगळा समजू नकोस). आणि मेगापिक्सेल बघून प्रो कॅमेरा ओळखायला जाशील तर फसशील, कॅननचा सगळ्यात वरचा डीएसएलआर १डी एक्स मार्क थ्री २०.१ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे १५००डीपेक्षा कमी! फरक दुसरीकडे असतो.

तुझ्या कामात तो फरक कुठे दिसेल ते सांगते. पहिलं म्हणजे अंधारात फोकस. १५००डीला नऊ फोकस पॉइंट आहेत, त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा पकडणारा), आणि तो मधला पॉइंट ० ईव्ही उजेडापर्यंत काम करतो (ईव्ही हे उजेडाचं माप, एक ईव्ही कमी म्हणजे उजेड निम्मा). ८०डीला ४५ पॉइंट, सगळे क्रॉस टाइप, आणि मधला पॉइंट उणे ३ ईव्हीपर्यंत. तीन ईव्ही म्हणजे आठपट कमी उजेड. स्टेज भरभरून उजळलेलं असेल तेव्हा दोन्ही कॅमेरे सारखेच पटकन फोकस करतील, पण रात्रीचा निळा सीन आहे, नट खिडकीपाशी अर्धा अंधारात उभा आहे आणि तुला नेमका तोच क्षण हवाय, तेव्हा १५००डीची लेन्स पुढेमागे शोधत बसेल आणि तोवर संवाद संपलेला असेल. शिवाय मधल्याच पॉइंटवर भरवसा ठेवायचा म्हणजे दरवेळी फोकस करून फ्रेम सरकवायची, आणि १.८ ला फ्रेम सरकवली की डोळ्यावरचा फोकस कानावर जातो.

दुसरं, आवाज. हे दुकानात कुणी सांगत नाही कारण दुकानात शांतता नसते. शांत प्रसंगात पहिल्या रांगांमधे बसून खटाक खटाक केलंस तर प्रेक्षक वळून बघतात आणि स्टेजवरच्या माणसाचंही लक्ष जातं. ८०डीला सायलेंट शूटिंग आहे, आवाज पूर्ण बंद होत नाही पण बराच मऊ होतो. ५डी मार्क फोरलाही आहे. १५००डीला व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) काढताना तसा मोडच नाही. तू बॅकस्टेजवालीच आहेस, तुला हे मी जास्त काय सांगू.

तिसरं, चाकं. १५००डीला एकच डायल आहे, मॅन्युअलमधे अ‍ॅपर्चर बदलायला बटण दाबून धरून तोच डायल फिरवावा लागतो. ८०डी आणि ५डीला पुढे एक आणि मागे एक असे दोन, अंधारात डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता एका हातानं दोन्ही बदलता येतं. ऐकायला छोटी गोष्ट वाटते, पण स्टेजवर लाइट दर मिनिटाला बदलतात आणि मी तुला मॅन्युअलवर काढायला सांगतेय, तेव्हा रोजच्या वापरात सगळ्यात जास्त आनंद याच गोष्टीचा होतो असं माझं मत आहे.

लाइटचं लुकलुकणं म्हणून अजून एक असतं, मेन्सवर चालणारे काही दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमीजास्त होतात, आपल्याला दिसत नाही पण फोटोत एक उजळ एक काळपट असं येतं. ८०डीमधे अँटी-फ्लिकर आहे, तो ते ओळखून योग्य क्षणी शटर सोडतो. काही एलईडी दिवे याहून खूप वेगानं लुकलुकतात, तिथे ही सोय चालत नाही, फोटोवर पट्टे आले तर शटर स्पीड थोडा इकडेतिकडे करून बघायचा.

आता दादाचा ५डी. फार छान कॅमेरा आहे, यात वादच नाही. ३०.४ मेगापिक्सेल, ६१ पॉइंट, फुल फ्रेम सेन्सर, तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा आणि ८०डीचा साधारण २२.५ बाय १५, म्हणजे क्षेत्रफळ अडीचपट, त्यामुळे तेवढ्याच आयएसओला दाणे कमी. पण सगळे पैसे बॉडीत गेले तर त्याच्यापुढे लावणार काय? फार तर उसनवारी करून एखादी ४ अ‍ॅपर्चरची झूम लेन्स मिळेल. मग परत हिशोब कर, १.८ ची लेन्स ४ च्या लेन्सपेक्षा जवळजवळ पाचपट उजेड घेते आणि मोठ्या सेन्सरचा फायदा अडीचपटीचा. म्हणजे १.८ लावलेला ८०डी हा ४ ची लेन्स लावलेल्या ५डीपेक्षा दाण्यांच्या बाबतीत पुढेच जाईल! लोक हे पटकन मानत नाहीत पण फोटो शेजारी ठेवले की दिसतं. हां, दोन्हीवर १.८ लावलीस तर ५डी पुढे, नक्कीच पुढे.

आणि प्रोफेशनल बॉडीचे जास्तीचे पैसे कशाचे असतात ते नीट बघ. ५डी मार्क फोरला दोन कार्डं लागतात, एक सीएफ एक एसडी, प्रत्येक फोटो दोन्हीवर एकदम लिहिता येतो, एक कार्ड मेलं तरी काम वाचतं. शटर दीड लाख वेळा चालेल अशा हिशोबानं बनवलेलं आहे, ८०डीचं एक लाख. धूळ-पाण्यापासून बचाव चांगला. मॅग्नेशियमची बॉडी. हे सगळं फोटो सुंदर करत नाही, हे सगळं अशासाठी आहे की दुसऱ्या कुणीतरी तुझ्या भरवशावर पैसे दिलेत, तो प्रसंग परत होणार नाही, आणि फोटो नाही मिळाले असं तू त्याला सांगू शकत नाहीस. ज्याचं रोजचं काम हे आहे त्यानं प्रो बॉडी घ्यावीच, त्यात चैन काही नाही, ती त्या कामाची गरज आहे. तू सध्या स्वतःच्या ग्रुपचे फोटो काढतेस, तालमीला आज नाही जमलं तर उद्या परत काढता येतात. ती जबाबदारी आली की तेव्हा घे, आणि तेव्हा दर महिन्याला येणारं काम त्याचे हप्ते भरेल, तुझी शिल्लक नाही.

दादाचं 'एकदाच घ्यायचं तर चांगलं घे' हे मला पटतं, फक्त ते बॉडीला लागू नाही, लेन्सला आहे. कॅननचं ईएफ माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जागा) १९८७ चं आहे. ८५ची १.८ लेन्स १९९२ मधे आली, आजही ती कुठल्याही ईएफ डीएसएलआरवर लागते, फोकस करते आणि सुंदर फोटो देते. त्याउलट २००५ चा पहिला ५डी घे, त्या काळी लोक त्याच्यासाठी वेडे झाले होते, १२.८ मेगापिक्सेलचा, आज अंधाऱ्या स्टेजवर तो या साध्या ८०डीपुढेसुद्धा अवघडून जाईल. बॉड्या म्हाताऱ्या होतात, लेन्सा फार हळू होतात.

आणि इथेच त्या किटची खरी अडचण आहे, हे दुकानदारानं सांगितलं नसेल तर विचार त्याला. १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही ईएफ-एस लेन्स आहेत, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेल्या. पुढे कधी ५डी घेतलास तर त्या त्याच्यावर लागतच नाहीत, माउंटलाच बसत नाहीत. म्हणजे आज किट घे, दोन वर्षांनी प्रो घे, आणि परत शून्यापासून लेन्स घे. ५०ची आणि ८५ची १.८ या ईएफ आहेत, आज ८०डीवर चालतील, उद्या ५डीवर जशाच्या तशा चालतील. अजून एक गंमत म्हणजे ८०डी आणि ५डी मार्क फोरची बॅटरीही एकच, एलपी-ई६एन, चार्जरही तोच, १५००डीची वेगळी. मागचं चाक, मेन्यूची मांडणी बरीचशी सारखी, त्यामुळे भाड्यानं ५डी आणलास की पहिल्या तासात हात बसेल.

लेन्सबद्दल सांगते कारण तू विचारलं नाहीस तरी खरा प्रश्न हाच आहे. ८०डीसारख्या छोट्या सेन्सरवर १.६ चा क्रॉप असतो, दृश्याचा मधलाच भाग फोटोत येतो, म्हणून ५० ही ८० सारखी दिसते आणि ८५ ही १३६ सारखी. तू स्टेजपासून साधारण ८ मीटरवर बसलीस, मधल्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत समज, तर ८५ लेन्स लावून कॅमेरा उभा धरला की फ्रेममधे साधारण २.१ मीटर उंची मावते, एक नट डोक्यापासून पायापर्यंत वर थोडी हवा ठेवून. ५० लावून आडवा धरला की साडेतीन मीटर रुंदी, म्हणजे दोन-तीन माणसांचा प्रसंग. चेहऱ्याचा क्लोजअप हवा असेल तर ८५ नं पुढे सरकायला लागेल किंवा नंतर कापून घ्यायचा, २४ मेगापिक्सेलमधून बरंच कापता येतं. अख्खं स्टेज नेपथ्यासकट पाहिजे तर त्याला वाइड लागणार, त्यासाठी वापरलेली १८-५५ कुणाकडूनही अगदी स्वस्तात मिळते किंवा मित्राची माग, तसे फोटो पूर्ण उजेडाच्या सीनला किंवा शेवटी सगळे नमस्काराला उभे असताना काढायचे असतात, तिथे ३.५-४ अ‍ॅपर्चर पुरतं.

पण १.८ म्हणजे सगळं सोपं असं नाही. ८ मीटरवरून ८५ लेन्सला १.८ वर फक्त ६० सेंटीमीटरच्या आसपास खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. एकटा नट असेल तर झकास, पण आई पुढे रडतेय आणि मुलगा तिच्या मागे मीटरभर लांब उभा आहे, तर दोघांपैकी एकच स्पष्ट येणार. तेव्हा २.८ किंवा ३.५ ला जा, आयएसओ थोडा चढू दे, ३२०० ला ८०डी अजिबात घाबरवत नाही, ६४०० लाही रॉ काढून नंतर नॉईज (दाणे) कमी केलास तर ग्रुपला द्यायला चांगला फोटो होतो. थोडे दाणे असलेला स्पष्ट फोटो लोक आनंदानं लावतात, गुळगुळीत हललेला फोटो कुणी लावत नाही.

७०-२०० ची २.८ घे असंही तुला कुणीतरी सांगेलच, नाटकाचे पक्के फोटोग्राफर तीच वापरतात हे खरंय. कॅननची ती लेन्स दीड किलोच्या आसपास भरते. ५डी मार्क फोर ८९० ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास अडीच किलो, दोन अंकी नाटक संपेपर्यंत हातात. एकदा भाड्यानं घेऊन बघ, मनगट काय म्हणतं ते ऐक, मग ठरव. ५०ची १.८ लेन्स (तिचं एसटीएम मॉडेल) १६० ग्रॅमची आहे, खिशात मावते.

आता त्या पैसेवाल्या प्रयोगाचं. हो म्हण, पण त्यांना आधी स्पष्ट सांग की रंगीत तालमीलाही मला येऊ द्या. अर्धे अधिक चांगले फोटो तिथेच मिळतात, प्रेक्षक नसतात, कुठेही उभं राहता येतं, कुणाची एंट्री कुठल्या विंगेतून आहे, ब्लॅकआउट कधी आहे, स्पॉट कुठे पडतो सगळं कळतं आणि मुख्य प्रयोगाला तू त्या जागी आधीच तयार असतेस. ५डी मार्क फोर आणि ७०-२०० प्रयोगाच्या दोन दिवस आधी भाड्यानं आण, त्याच दिवशी आणून त्याच रात्री काढायला जाऊ नकोस. दोन्ही कार्डांवर एकदम लिहायला लाव. तुझा ८०डी ५० लेन्ससकट गळ्यात असू दे, मोठा कॅमेरा अडला तर काम थांबणार नाही. भाडं तुझ्या मानधनातून वजा जाईल असाच आकडा त्यांना सांग, लाजू नकोस, कॅमेऱ्याचं भाडं हा कामाचा खर्चच आहे आणि तो त्यांना सांगण्यात गैर काही नाही. अशी चार-पाच कामं झाली की तुलाच कळेल ५डीची तुला खरंच गरज आहे की नाही, तेव्हा मला विचारायचीही गरज पडणार नाही.

मिररलेसवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. २०१८ मधे मिररलेससाठीचं कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड माउंट आलं तेव्हापासून दोघांचंही सगळं लक्ष तिकडे आहे, सोनीनं तर २०२१ मधे डीएसएलआर विकणंच थांबवलं. नाटकासाठी मिररलेसचा एक मोठा फायदा म्हणजे पूर्ण मुका शटर आणि डोळा शोधणारा फोकस, पैसे असते तर मी तुला तेच सांगितलं असतं. पण तुझ्या बजेटमधे नवीन मिररलेस घेतलास तर परत किट लेन्सवरच येऊन थांबशील, म्हणजे जिथून निघालो तिथेच. उलट लोक मिररलेसकडे चाललेत म्हणून वापरलेले चांगले डीएसएलआर आणि ईएफ लेन्स बाजारात भरपूर आल्यात, शिकणाऱ्यासाठी हा फार चांगला काळ आहे. आणि उद्या तू आरएफ बॉडीवर गेलीस तरी ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून तिथे पूर्ण ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे ५० आणि ८५ चे पैसे तिथेही वाया जात नाहीत.

वापरलेला ८०डी बघायला जाशील तेव्हा घाई करू नकोस, स्वतःचं कार्ड आणि लॅपटॉप घेऊन जा. अ‍ॅपर्चर १६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ, काळे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, साफ होते, पण ओरखडा दिसला तर उठून ये. लेन्सला टोपण लावून ३० सेकंदांचा एक फोटो काढ, लाल-निळे चमकणारे ठिपके किती येतात बघ, एखाद-दुसरा चालतो. शटर किती वेळा चाललंय ते कॅननमधे फोटोच्या माहितीत सहसा दिसत नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं किंवा सर्व्हिस सेंटरवाले काढून देतात, विकणाऱ्याला आधीच सांगून ठेव की आकडा बघितल्याशिवाय घेणार नाही. दोन्ही डायल प्रत्येक दिशेला फिरवून बघ, एक क्लिक चुकतोय का. रबर सुटलंय का, कार्डाचं झाकण नीट बसतंय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझीच ५०ची लेन्स लावून १.८ वर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधे (मागच्या पडद्यावर बघून) त्याच पुस्तकाच्या अक्षरांवर फोकस कर. लाइव्ह व्ह्यूचा स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचा किंचित पुढेमागे असेल तर घाबरू नकोस, ८०डीला फोकसची बारीक दुरुस्ती मेन्यूत करता येते, १५००डीला ती सोयच नाही. दादाचा ५डी बघायलाही कधी गेलात तर सीएफ कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून पिना बघा, वाकलेल्या पिना हे त्या कार्डाचं जुनं दुखणं आहे.

५० आधी घे, ८५ लगेच नको. तीन-चार तालमी फक्त ५० वर काढ आणि घरी आल्यावर बघ की तू किती फोटो कापून लहान केलेस. निम्म्याहून जास्त कापले असतील तर ८५ घे, आणि सारखी मागे मागे जाऊन भिंतीला टेकत असशील तर ८५ च्या पैशात २४ची २.८ पॅनकेक (अगदी चपटी लेन्स) येते, तिचा विचार कर, मात्र ती ईएफ-एस आहे हे धरून चाल. तालमीतल्या सगळ्यात अंधाऱ्या सीनचे दोन-तीन फोटो निवड आणि त्यांचं शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, आणि तू स्टेजपासून किती लांब होतीस एवढं मला लिहून पाठव, मी बघून सांगते.